केवळ प्रकृतीसाठी

रविवार, २ जुलै १९४४. सांगली. सकाळी ७.
नवी वही सुरू. वही म्हणजे शाळेतला एक कोरा हजेरीपट. रिटायर होताना चुकून माझ्याबरोबर आला. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा पाल्हाळ नको.
काल डॉक्टरांकडे गेले होते. प्रेशर एकशे नव्वद. मटण, अंडी, मासे बंद. मीठ जवळजवळ बंद. दूध-तूप कमी. डाळी, भाज्या, फळे भरपूर. म्हणाले, मोठ्या बाई, या वयात जमेल का? तीस वर्षे मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न! डॉक्टरांची बहीण माझ्या वर्गात होती. अपूर्णांक शेवटपर्यंत जमले नाहीत. घराण्यातच आहे.
आजपासून घरात पूर्ण शाकाहार. टाइमटेबल करून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवले. सोमवार मूग, मंगळवार मटकी, बुधवार चवळी, याप्रमाणे. यांनी चष्मा लावून वाचले. सुभेदार असताना हुकूम वाचत तसेच. विचारले, किती दिवस? मी म्हटले, कायमचे. बरं, म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवत बाहेर गेले.
आज रविवार असून मटण आणले नाही. (मागचे तीन-चार रविवारही आणले नव्हते. बाजारात चांगले मिळत नव्हते.)
शालूच्या बांगड्या भाकरी थापताना फार वाजतात. सुनेला हे एकदा सांगितले पाहिजे.

बुधवार, ५ जुलै.
चवळी. मिठाशिवाय. पहिल्या घासाला विचित्र लागते, दुसऱ्याला सवय होते. तिसरा घास घेतला नाही, कारण पोट भरले होते.
दुपारी शेजारच्या राजमतीबाई आल्या. त्यांची हळदीची पेढी आहे, माणसे जैन. मला वाटले, ही बाई मदतीची. तर त्यांचा चातुर्मास सुरू. पालेभाजी चालत नाही, कांदा, लसूण, बटाटा तर कधीच नाही, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. मग खाता काय, विचारले. म्हणाल्या, आवं बाई, खायाचं लय असतंय, मन लागतंय. मग आवाज बारीक करून विचारले, तुमी नेम कवापातूर धरलाय? मी स्पष्ट सांगितले, हा नेम नाही, नवस नाही, हे डाएट आहे. त्या म्हणाल्या, त्येच की.
त्येच की! शिक्षण नसले की असे होते.
येथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. माझ्या मुलाविषयी, सयाजीविषयी, पलटणीतून जी तार आली तिचा माझ्या जेवणाशी काही संबंध नाही. तारेत 'मिसिंग' हा शब्द आहे. मिसिंग म्हणजे सापडत नाही. इटलीसारख्या अनोळखी मुलखात, लढाई चालू असताना, माणूस दोन-तीन महिने सापडत नाही, यात नवल काय? मी तीस वर्षे हजेरी घेतली. गैरहजर मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात असते. मी कधी कोणाचे नाव घाईने पटावरून काढले नाही.
सयाजीला नेहमीप्रमाणे बुधवारचे पत्र टाकले. आहाराविषयी सविस्तर लिहिले.

रविवार, ९ जुलै. दुपारी ३.
मटकीची उसळ, लाल भोपळा, हातसडीचा भात, काकडी. यांनी निमूट खाल्ले. माणूस निमूट खातो तेव्हा लक्ष ठेवावे. बाराला टोपी घालून बाहेर पडले, आत्ता आले. कोठे होतात? फेरफटका. तीन तास? तात्याबा भेटला.
तात्याबा म्हणजे यांचा पलटणीतला दोस्त. त्याच्याकडे दर रविवारी मटण असते, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. टोपी घेताना जवळून वास घेतला. मिशीला धुराचा वास होता. काहीतरी भाजल्याचा.
पुरावा साठू द्यावा.

गुरुवार, १३ जुलै.
चहाबद्दल विचार केला. चहा हे झाडाचे पान आहे, म्हणजे तो भाजीतच मोडतो. दूध घातले नाही तर काहीच हरकत नाही. दूध घातले, कारण राजमतीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्यादेखत कोरा चहा पिणे बरे दिसत नाही. त्यांनी चहा घेतलाच नाही. दोन्ही कप मला घ्यावे लागले.

गुरुवार, २० जुलै. संध्याकाळी ६.
उद्यापासून श्रावण. म्हणून आज सबंध गल्लीत रस्से चालले आहेत. वास थोपवण्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. नंतर प्रेशरला मोकळी हवा हवी म्हणून सोप्यात खुर्ची टाकून बसले. वारा नेमका मागच्या घराकडून येत होता. वाऱ्याची दिशा माझ्या हातात नाही. दीड तास बसले.
शालू बाहेर येऊन म्हणाली, आत्याबाई, त्यांना कोथमीर जास्त घातलेली आवडती, न्हवं? मी विचारले, कोणाला? ती आत गेली.

शुक्रवार, ४ ऑगस्ट.
श्रावणाने मोठी पंचाईत केली. सगळी सांगली माझ्यासारखी जेवते आहे. तात्याबासुद्धा! अशाने माझ्या शिस्तीला काही अर्थ राहत नाही. म्हणून जास्त कडक नियम केला: रोज एक वेळ फक्त कच्चे. आज सकाळी मुळा, गाजर, भिजवलेले शेंगदाणे. संध्याकाळी पोटात दुखले. शुद्धीकरण चालू आहे, असे समजते.
तारेला आठ आठवडे होऊन गेले. उगाच लिहिले. आहाराच्या नोंदीत याचे काम नाही.

मंगळवार, २९ ऑगस्ट. रहिमतपूर.
माहेरी आले आहे. धाकटी बहीण मनू हिच्या नातवाचे बारसे. मनूला आधीच बजावले होते, मी मटणाला शिवणार नाही. तिने म्हटले, आक्का, तुज्यासाठी येगळं वांगं केलंय.
वांगे उत्तम होते. वांगे ही वनस्पती आहे. त्यात सुकट होती, हे दुसऱ्यांदा वाढून घेताना लक्षात आले. सुकट ही इतकी बारीक मासळी, की ती वेगळी काढणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य. शिवाय पानात टाकणे हे माझ्या तत्त्वात बसत नाही.
मीठही होते. आठ आठवड्यांनी मीठ.

बुधवार, ३० ऑगस्ट. रहिमतपूर.
सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. पोटाला विश्रांती. पहाटे विहिरीवर डोक्यावरून गार पाणी घेतले. रक्ताभिसरणाला चांगले असते. मनू म्हणाली, आक्का, ओठ काय हलवतीस? मी म्हटले, पाढे म्हणते आहे.
तीन दिवस राहणार होते. दुपारच्या गाडीने निघाले.

त्याच दिवशी, घरी.
दारात पाऊल ठेवताच शालूला विचारले, तार आली का? नाही आली. बरे झाले. म्हणजे तसा काही परिणाम झालेला नाही. होण्याचे कारणही नाही. वांगे रहिमतपूरला खाल्ले, मुलगा इटलीत आहे. मध्ये समुद्र आहे.
यापुढे वांगे बंद.

शनिवार, १६ सप्टेंबर.
सयाजीला लिहिलेली पत्रे परत आली. नऊ. दोऱ्याने बांधून. वर शिक्का आहे आणि कोणीतरी निळ्या पेन्सिलीने काही खरडले आहे. अक्षर इतके वाईट, की माझ्या वर्गात असता तर पुन्हा लिहून आणायला लावले असते. पत्ता अपुरा असणार. उद्या पूर्ण पत्ता घालून सगळी परत पाठवते.

रविवार, २४ सप्टेंबर.
कुंडलला थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे हरणाबाईंना, पत्र लिहिले. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेपुढे आमच्या वाट्याचा बोकड असतो. या वर्षी आमच्या नावाचा बोकड पाडू नये, असे कळवले. कारण लिहिले नाही. डाएट, प्रेशर वगैरे त्यांना कळायचे नाही, उगाच शाई वाया.
हे आजही बाराला बाहेर. आजही तीन तास. मिशीला तोच वास. हा सातवा रविवार मी मोजलेला. पुरावा पुरेसा झाला आहे, पण दसरा होऊ दे.

रविवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.
क्रमाने लिहिते.
सकाळी दहाला दारात दोन टांगे थांबले. पहिल्यातून हरणाबाई आणि कुंडलच्या चार बायका उतरल्या. दुसऱ्यातून भावकीतले तिघे पुरुष आणि एक बोकड. हरणाबाईंच्या हातात माझ्यासाठी लुगडे, यांच्यासाठी धोतर. उंबऱ्यात पाऊल ठेवले आणि पाचही जणींनी एकदम गळा काढला.
मला काही कळेना. मग कळले. आमच्यात ज्या घरातला माणूस जातो त्या घरात मटण शिजत नाही. दिवस झाले की भावकी येते, आपल्या हाताने शिजवते, घरच्यांना पहिला घास भरवते, तेव्हा दुखवटा निघतो. भावकीचा हिशेब असा: जूनपासून या घरात मटण नाही, दसऱ्याचा बोकडही नको म्हणून पत्र, तेही कारण न लिहिता. म्हणजे सयाजीचा कागद आलेला आहे आणि बाई तो दाबून बसल्या आहेत.
हरणाबाई माझा हात धरून म्हणाल्या, आगं चंद्रा, किती दिस अशी बसशील? घास खा आन् लेकराला वाट मोकळी कर.
मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटले, शांत बसा! येथे कोणी गेलेले नाही. हा माझ्या प्रकृतीचा प्रश्न आहे. आणि कपाटातून डॉक्टरांचा कागद आणून सर्वांसमोर मोठ्याने इंग्रजीत वाचला, मराठीत अर्थ सांगणार होते. अर्थापर्यंत पोचलेच नाही. इंग्रजी कागद पाहताच हरणाबाईंनी कपाळ बडवून घेतले. ह्योच त्यो कागद! ह्योच त्यो! आणि रडणे दुप्पट. एका बाईने स्वयंपाकघरात जाऊन शालूचे मनगट धरले, बांगड्यांसाठी.
शालूने हात हिसडला. बाहेर आली. मला वाटले, माझी बाजू घेईल. तिने कागद माझ्या हातातून घेतला, हरणाबाईंना म्हणाली, आवं, ह्यो डाक्टरचा हाय, मिठाचा. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, पर आत्याबाई, डाक्टरकडं तुमी आषाढात गेला. मटण तुमी जेठातच सोडलं. तार आली त्या बुधवारी मटण चुलीवर शिजत हुतं. तुमी तार वाचली आन् मला म्हणाला, उतरव, कुत्र्यास्नी घाल. मी कुणाला बोलले न्हाई. मीबी तवापासनं खाल्लं न्हाई.
बोकड ओरडला.
मी सर्वांना घालवून दिले. बोकडासकट. हरणाबाई लुगडे कट्ट्यावर ठेवून गेल्या. पोस्टाने परत करणार आहे.
शालूचे तारखांच्या बाबतीत काही चुकत असावे. ती मराठी महिने मोजते.

मंगळवार, १० ऑक्टोबर.
विचार केला. मटण खाल्ले नाही तर गाव म्हणते, घरात दुखवटा आहे. भावकीच्या हातचे खाल्ले तर म्हणेल, दुखवटा निघाला. दोन्हीत तो असल्याचे धरलेलेच आहे. उपाय एकच: आपल्या घरी, आपल्या हाताने, साध्या रविवारी, काहीच झाले नसल्यासारखे मटण करायचे. काहीच झालेले नाही.
येत्या रविवारी. नक्की.
मी स्वतः खाणार नाही. मला प्रेशर आहे.

रविवार, १५ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
सकाळी स्वतः जाऊन मटण आणले. मुद्दाम पिशवी उघडी ठेवून पेठेतून चालत आले. शालूने केले. कोथिंबीर जास्त घातली, मी काही म्हटले नाही. दोन ताटे वाढली. शालू बसली, भाकरी मोडली, आणि म्हणाली, तुमी आधी. मी प्रेशरचे कारण सांगितले. तिने भाकरी खाली ठेवली.
यांनी ताटाला नमस्कार केला, उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले.
म्हणजे घरचे सोडून तात्याबाकडचे! आज मी चपला घालून मागोमाग गेले. तात्याबाच्या दारात उभी राहून म्हटले, सुभेदारांना बाहेर पाठवा. तात्याबा एकटाच जेवत होता. उष्ट्या हाताने बाहेर आला. म्हणाला, वैनी, सुभेदार हितं कुठलं? त्यो पाऊस लागला तवापासनं माज्यात जेवला न्हाई. ऐतवारी त्यो मिरजंच्या ठेसनावर असतोय. पलटणीची जायबंदी माणसं गाडीनं उतरत्यात, तितं. पोराचा फोटू दावतोय एकेकाला. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?
मी म्हटले, ठाऊक आहे.
हे साडेतीनला आले. टोपी घेतली. इंजिनाच्या कोळशाचा धूर होता. मी इतके रविवार त्यांच्या मिशीला मटणाचा वास शोधत होते.
विचारले, काही कळले का? हे म्हणाले, आज कुणी उतरलं नाही.
संध्याकाळी शालूने सगळे भांडे परसातल्या कुत्र्यांना घातले. कुत्री ओळखीने आली.

रविवार, २२ ऑक्टोबर.
यांच्याबरोबर मिरजेला गेले. स्टेशनवरची हवा बरी असते. दुपारच्या गाडीतून तिघे उतरले. एकाला पाय नव्हता. फोटो दाखवण्याचे काम मी घेतले. हे फार हळू बोलतात. तिघांनी मान हलवली. एकाने विचारले, आई, तुमी जेवला का?

मंगळवार, २१ नोव्हेंबर.
कागद आला. इंग्रजीत आहे. घरात इंग्रजी मलाच येते. एकदा वाचला. मग यांना आणि शालूला मराठीत सांगितला. वाक्य सोपे आहे, अवघड शब्द एकही नाही. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागला. त्यांच्याच इस्पितळात वारला. तारीख २१ मे.
मी चुकीचे वाचले का, म्हणून यांनी विचारले. नाही, म्हटले. माझे इंग्रजी चांगले आहे.

गुरुवार, २३ नोव्हेंबर.
२१ मे. तार आली ७ जूनला. मध्ये सतरा दिवस.
तार हातात घेतली, चुलीकडे पाहिले आणि मनात काही बोलले. ते येथे कधी लिहिले नाही, आताही लिहीत नाही. ज्याच्यासाठी बोलले तो तेव्हा सतरा दिवसांपूर्वीच गेला होता. रहिमतपूरच्या वांग्याने काही बिघडले नाही. बिघडायला काही उरलेच नव्हते. मुळा, गाजर, विहिरीचे पाणी, कशानेच काही व्हायचे नव्हते.
म्हणजे मी पहिल्यापासून म्हणत होते तेच खरे. ते केवळ प्रकृतीसाठी होते.

बुधवार, ६ डिसेंबर.
तेरावा रविवारी झाला. काल डॉक्टर घरी येऊन गेले. प्रेशर एकशे पन्नास. म्हणाले, मोठ्या बाई, कमाल केलीत.
आज हरणाबाई आल्या. पुन्हा दोन टांगे. या वेळी कोणी गळा काढला नाही. मी त्यांनी आणलेले लुगडे नेसले होते, पोस्टाने परत करायचे राहून गेलेले. परसात चूल मांडून त्यांनीच मटण केले. भाकऱ्या शालूने केल्या. भाकरी थापताना आवाज नव्हता.
यांना घास भरवला, मग शालूला. मग हरणाबाई माझ्यासमोर वेगळी वाटी घेऊन बसल्या. म्हणाल्या, चंद्रा, तुजं मी येगळ्या भांड्यात केलंय, मीठ घातलं न्हाई. तुज्या त्या कागदात हाय न्हवं तसं.
मी तोंड उघडले.
मीठ नव्हते. मागितले नाही.